तुमचा सॅक्सोफोन बहुधा १९१४चा नाही

जुना सॅक्सोफोन हाती आला की एक संदेश कुठून ना कुठून येऊन पोचतोच. त्यातला सल्ला असा: वाद्यावर ठोकलेली तारीख हेच त्याचं जन्मवर्ष, काळं पडलेलं अंग घासून नवं लॅकर (पितळावरचा पारदर्शक लेप) चढवलं की आवाज ‘मोकळा’ होतो, पॅड (चाव्यांखालच्या, भोकं झाकणाऱ्या गाद्या) बदलले की वाद्य तयार, आणि माउthपीस मूळचाच हवा, नाहीतर ते कधीच सुरात लागणार नाही. चारही वाक्यं छातीठोक. शेवटच्यात थोडं तथ्य आहे. दुसरं ऐकाल तर मात्र माघार नाही, घासून गेलेलं पितळ परत येत नसतं.

तारखेची गफलत कॉन या अमेरिकन कंपनीच्या वाद्यांवर सर्रास होते. मागच्या बाजूला ‘८ डिसेंबर १९१४’ आणि शेजारी १११९९५४ असं ठोकलेलं असतं. ती तारीख पेटंटची आणि आकडाही पेटंटचाच. टोन होलची, म्हणजे नळीवरच्या भोकाची, कड वेगळी डाग देऊन न बसवता नळीच्याच पितळातून ओढून काढायची, त्या पद्धतीचं हे पेटंट. १९२०च्या आणि १९३०च्या दशकांतल्या वाद्यांवरही हाच शिक्का आहे. वय कळतं ते अनुक्रमांकावरून, तेही ढोबळच, कारण त्याच्या याद्या वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात. आणि त्या काळचे मोठे कारखाने दुसऱ्यांच्या नावानेही वाद्यं बनवून देत; अशा वाद्याचा अनुक्रमांक कारखान्याच्या मुख्य यादीत घालून पाहिलात तर भलतंच वर्ष हाती येतं.

खरं तर तारखेपेक्षा अनुक्रमांकाजवळची एकटी अक्षरं आधी बघा. कॉनवर ‘ए’ म्हणजे आल्टो, ‘टी’ म्हणजे टेनर, ‘सी’ म्हणजे सी मेलडी, आल्टो आणि टेनरच्या मधल्या मापाचा (टेनर समजून हा गळ्यात मारून घेणारे कमी नाहीत). ‘एल’ म्हणजे लो पिच, आजची ४४०ची पट्टी (‘ए’ हा सूर ४४० हर्ट्झवर). ‘एच’ दिसला तर सावध. ते हाय पिच वाद्य, ४५७च्या आसपास जुळवलेलं. माउथपीस बाहेर ओढून ते ४४०वर आणता येईल असं वाटतं, पण येत नाही. माउथपीस ओढला की आखूड नळीचे सूर भराभर उतरतात आणि लांब नळीचे जेमतेम. एक सूर जुळवावा तर दुसरा बिघडतो. टोन होलांमधली अंतरंच त्या चढ्या पट्टीची, त्याला कोण काय करणार?

आता घासण्याबद्दल. आवाज तयार होतो आतल्या हवेच्या स्तंभात. त्यापुढे बाहेरच्या लॅकरच्या पातळ थराला कोण विचारतो! नवं लॅकर देण्याआधी यंत्रावर घासाई होते आणि तिथे धातू जातो. मी एक चकचकीत आल्टो हातात घेतला होता. बेलवरची वेलबुट्टी डोळ्यांना दिसत होती, बोटाला लागत नव्हती. टोन होलच्या कडाही तशाच झिजल्या असतील तर पॅड बसणार कशावर? शिवाय १९२०च्या दशकातल्या कितीतरी वाद्यांवर लॅकर नव्हतंच, चांदीचा मुलामा होता. तो काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, हलक्या हाताने निघतो. लिंबू-व्हिनेगरची हौस तर अजिबात नको: आम्ल पितळातलं जस्त ओढून घेतं आणि पोलादी स्प्रिंगा गंजतात.

पॅडचं थोडक्यात. अंधारात नळीत छोटा दिवा सोडा, बोटं हलकेच ठेवा आणि पॅडच्या कडेने उजेड झिरपतो का पाहा. आधी टोन होल सपाट आहेत का ते तपासायचं, मग पॅड. कॉनच्या गोल वळवलेल्या कडांवर मात्र कानस चालवू नका, आणि ब्यूशर या दुसऱ्या कंपनीच्या वाद्यांतली पॅडमागची चिमटीची बटणं कापू नका. दोन्ही गोष्टी केल्या जातात, म्हणून सांगतो.

आता ते तथ्य. सॅक्सोफोन म्हणजे टोक छाटलेला शंकू. त्या हरवलेल्या टोकाची जागा माउथपीसच्या आतली पोकळी भरून काढते. जुन्या वाद्यांना त्यामुळे मोठं, गोलसर चेंबर (हीच पोकळी) मानवतं. आजचा अरुंद, उंच बॅफलचा (आतला उतार उंच असलेला) माउथपीस लावला तर वरचे सूर चढतात. म्हणजे हवं असतं ते पोकळीचं माप, माउथपीसचं वय नव्हे. पेटीत सापडलेला ‘मूळ’ माउथपीस कधी वाकलेला असतो, कधी त्याचं टोक इतकं मिटलेलं असतं की आजच्या सवयीने फुंकताच येत नाही. मोठ्या चेंबरचे नवे माउथपीस आजही बनतात.

पारख करायची तर ट्यूनर समोर ठेवा. मधला जी सुरात लावा, मग ऑक्टेव्ह की दाबून वरचा जी, आणि शेवटी तळहाताच्या चाव्यांवरचे सूर. ओठ आवळून सूर ओढून आणू नका. वरचे चढे आले तर माउथपीस थोडा बाहेर घ्या. नेकचा (वरच्या वाकड्या नळीचा) कॉर्क संपून माउथपीस डुगडुगायला लागला, तरी वरचे सूर चढेच राहिले, तर त्या वाद्याला तो माउथपीस लहान पडतोय.