घर न बांधता बेघर कमी करण्याची कृती

‘घर पाहावं बांधून’ असं जुनी माणसं म्हणत. त्यांच्या हाताशी मोजणीचा तक्ता नव्हता, म्हणून बिचारी बांधत बसली. शहरातले बेघर कमी करण्याचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर विटा-सिमेंटचा विचार आधी सोडा. घराला जमीन लागते, पैसा लागतो, शेजाऱ्यांच्या हरकती ऐकाव्या लागतात आणि तेवढ्यात तुमची बदली होते. मोजणीला एक रात्र पुरते.

सुरुवात व्याख्येपासून करा, कारण सगळ्यात स्वस्त घरं व्याख्येतच बांधली जातात. युरोपातल्या फेआन्ट्सा या संघटनेने २००५ मध्ये ‘ईथॉस’ नावाची वर्गवारी केली. तिच्यात चार मोठे गट आहेत: डोक्यावर छप्परच नसलेले, वसतिगृहात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढणारे, आजचं घर उद्या राहील याची खात्री नसलेले आणि राहण्याजोगं नसलेल्या जागेत राहणारे. पुन्हा त्यांचे तेरा पोटप्रकार. तक्ता पाहून घाबरू नका. पहिला गट ठेवा आणि उरलेले तीन ‘पुढील अभ्यासासाठी’ म्हणून बाजूला काढा. मित्राच्या दिवाणखान्यात तिसरा महिना काढणारा, मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून सुटून बहिणीकडे लेकरांसह आलेली बाई, भाडेकराराशिवाय राहणारा, असे सगळे एका फटक्यात घरवाले होतात. किल्ल्या वाटायचीसुद्धा गरज पडत नाही.

ही गंमत अमेरिकेत उघड्यावर चालते. तिथल्या गृहनिर्माण खात्याच्या मोजणीत नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणारे धरत नाहीत. शिक्षण खातं मात्र अशा घरांतल्या मुलांनाही बेघर म्हणतं. परिणामी २०२३ मध्ये देशभरातले सर्व वयांचे बेघर ६,५३,१०४ होते आणि एकट्या शाळकरी बेघर मुलांचा आकडा दहा लाखांच्या वर. पहिला आकडा एका रात्रीचा आणि दुसरा अख्ख्या शालेय वर्षाचा, हे खरं. पण तेवढ्याने फरक संपत नाही, कारण त्या मुलांतली बहुसंख्य दुसऱ्याच्या घरी राहणारी असतात. तुम्ही अर्थात पहिला आकडा घ्या. फिनलंडने मित्र-नातेवाइकांकडे तात्पुरते राहणारेही मोजायचा मूर्खपणा केला. त्यांच्या आकडेवारीत तोच सर्वांत मोठा गट निघाला, आणि मोजले म्हटल्यावर त्यांना घरं देणंही आलं.

आता रात्र. अमेरिकेतली मोजणी जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत होते. इतक्या थंडीत ज्याला जिथे आडोसा मिळेल तिथे तो शिरलेला असतो, म्हणजे दिसत नाही. इंग्लंडात १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर यांमधली एक रात्र निवडतात. त्यांचा नियम तर पाठ करून ठेवावा असा आहे: झोपलेला माणूस मोजायचा, अंथरुणावर बसलेला मोजायचा, अंथरुणाशेजारी उभा असलेलाही मोजायचा. अंथरूण काखेत मारून चालणारा यात कुठे बसतो हे तुमच्या लक्षात आलं असेलच. रात्रभर चालत राहणं हा एकट्या बाईचा सुरक्षित राहण्याचा नेहमीचा उपाय असतो. मोजणीआधी तासभर पोलिसांची एक फेरी झाली, तर बाकीचेही चालू लागतात.

स्वयंसेवकांना लेखी सूचना द्या. झोपलेल्याला उठवायचं नाही, पडक्या इमारतीत शिरायचं नाही, जिन्याखाली वाकायचं नाही. या सूचना सुरक्षिततेच्या दृष्टीने अगदी योग्य आहेत, आणि म्हणूनच कुणी शंका घेत नाही. त्यांची किंमत किती, तेही मोजलेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये २००५ च्या मोजणीच्या रात्री संशोधकांनी मुद्दाम आपली माणसं बेघर म्हणून रस्त्यावर बसवली होती. ज्या ठिकाणी ती बसली, त्यांपैकी २९ टक्के ठिकाणच्या माणसांनी सांगितलं की आम्हाला कुणी मोजलंच नाही. ही पगारी माणसं मोजून घ्यायलाच बसलेली होती! लपायला बसलेल्यांचं काय झालं असेल, त्याची चिंता करू नका. बंद तंबू आला तर आत डोकावू नका, तंबू मोजून ठरलेल्या सरासरीने गुणा. सरासरी कोणत्या पाहणीतली घ्यायची, हे सर्वस्वी तुमच्या हातात.

मोजणीतलं अंतर वाढवणं हाही जालीम उपाय आहे. भारताच्या जनगणनेत २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री बेघर मोजले गेले. पुढची जनगणना २०२७ ची. एवढा काळ एकाच रात्रीवर धोरण तगून आहे. त्या रात्रीचा एकूण आकडा सुमारे १७.७ लाख, त्याआधी २००१ मध्ये १९.४ लाख. घट! इथेच थांबा, पान उलटू नका. पुढच्या पानावर शहरी बेघर ७.८ लाखांवरून ९.४ लाखांवर गेलेले आहेत आणि घट सगळी ग्रामीण भागातली आहे.

घरांच्या गरजेचा हिशोब मात्र नीट समजून घ्या, खरा हात तिथे मारता येतो. लोकसंख्येचा अंदाज घ्यायचा. प्रत्येक वयोगटातले किती जण स्वतंत्र बिऱ्हाड करतात, ते प्रमाण त्याला लावायचं. जितकी बिऱ्हाडं वाढणार, साधारण तितकी घरं हवीत. सगळी करामत त्या प्रमाणात आहे. भाडं झेपत नाही म्हणून तिशीतला मुलगा आईवडिलांकडेच राहिला, तर त्याचं बिऱ्हाड झालं नाही. बिऱ्हाड नाही म्हणून गरज नाही, गरज नाही म्हणून घर नाही, आणि घर नाही म्हणून पुढच्या दशकात आणखी मुलं आईवडिलांकडे. टंचाई आपली आपणच मिटते. इंग्लंडात २०१८ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने हे प्रमाण १९७१ पासूनच्या जनगणनांऐवजी फक्त २००१ आणि २०११ या दोनच जनगणनांवरून काढलं. नेमकं तेच दशक, ज्यात तरुणांना वेगळं घर करणं जड गेलं. लोकसंख्येचा अंदाजही जरा उतरला होता. दोन्ही मिळून वर्षाला सुमारे २,१०,००० नव्या बिऱ्हाडांचा अंदाज १,५९,००० वर आला. वीटही न रचता दरसाल ५१ हजार घरं वाचली! तिथल्या सरकारला मात्र हे यश पेललं नाही. त्याने आधीचे, २०१४ वर आधारलेले आकडेच वापरायला सांगितले.

गरज अंगावर आलीच तर रिकाम्या घरांकडे बोट दाखवा. भारतात २०१२ च्या तज्ज्ञ गटाने शहरी घरांची तूट १.८८ कोटी काढली, तर २०११ च्या जनगणनेत शहरांत १.१ कोटी घरं रिकामी होती. वजाबाकी करा आणि टाळ्या घ्या. त्या तुटीतला सुमारे १.५ कोटींचा वाटा दाटीवाटीचा आहे आणि थेट बेघर कुटुंबं ५.३ लाखच आहेत, कुलूपबंद घर ज्या किमतीला आहे ती कोंदलेल्या खोलीतल्या कुटुंबाच्या आवाक्यात आहे का, असले प्रश्न वजाबाकीत येत नाहीत.

भाड्याचा विषय निघाला की ‘३० टक्के’ म्हणा. उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपर्यंत भाडं परवडतं, हा नियम इतका रुळलाय की कुठून आला हे कुणी विचारत नाही. अमेरिकेत सरकारी घरांतल्या भाडेकरूंसाठी १९६९ मध्ये मर्यादा २५ टक्क्यांची होती. १९८१ मध्ये ती ३० झाली, आणि त्यामागे पोटाचा हिशोब नव्हता, सरकारी खर्चकपातीचा होता. नियम सोयीचा आहे: शंभर कमावणाऱ्याकडे सत्तर उरतात, हजार कमावणाऱ्याकडे सातशे, दोघंही ‘परवडते’ या रकान्यात. शंभरवाल्याला तीन मुलं असली तरी रकाना बदलत नाही. सरासरी भाडं काढताना दहा वर्षं एकाच जागी असलेले भाडेकरू जरूर धरा. त्यांचं जुनं भाडं सरासरीला खाली ओढतं. आज घर शोधणाऱ्याला जाहिरातीतलं भाडं द्यावं लागतं, पण तो अजून भाडेकरू कुठे झालाय? आणि ज्याला घराबाहेर काढलं त्याचा पत्ताच उरला नाही. घरोघरी जाणाऱ्या पाहणीच्या नमुन्यातून तो आपोआप गळतो आणि भाड्याचा सरासरी बोजा त्याच्या जाण्याने हलका होतो.

उरला प्रश्न संशोधनाचा. ते सतत येत राहणार. कॅलिफोर्नियात २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ३,२०० बेघरांची पाहणी झाली. घर जाण्याआधी निम्म्या कुटुंबांचं मासिक उत्पन्न ९६० डॉलरच्या आत होतं, आणि महिन्याला ३०० ते ५०० डॉलरची मदत मिळाली असती तर घर टिकलं असतं, असं ७० टक्के लोकांना वाटत होतं. असे आकडे परिशिष्टात टाका. अहवालाच्या तोंडाशी व्यसन आणि मनोविकार ठेवा. डेट्रॉइटसारख्या गरीब शहरांत बेघरांचं प्रमाण कमी आणि सॅन फ्रान्सिस्कोसारख्या महागड्या शहरात जास्त का, असं कुणी विचारलं तर हवामानाबद्दल बोला. एका रात्रीची मोजणी इथेही कामाला येते: वर्षानुवर्षं रस्त्यावर असलेला हमखास सापडतो, तीन आठवड्यांत सावरलेला बहुधा निसटतो. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातल्या निवाऱ्यांच्या नोंदींवरच्या १९९८ च्या अभ्यासात सुमारे ८० टक्के लोक थोड्या दिवसांसाठी आलेले निघाले. तुमच्या छायाचित्रात ते नकोतच.

‘आधी घर, मग उपचार’ ही पद्धत न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून आहे. २००९ पासून कॅनडाने पाच शहरांत दोन हजारांहून जास्त लोकांवर तिची रीतसर चाचणी घेतली आणि घर मिळालेले लोक घरात टिकतात, असं दिसून आलं. यावर तुमचं उत्तर एकच: प्रायोगिक प्रकल्प. वीस माणसं, अठरा महिने, शेवटी मूल्यमापन. निष्कर्ष चांगला आला की निधी संपलेला असतो.

एवढं करूनही पुढच्या वर्षी आकडा वाढला, तर तक्त्याखाली बारीक टाइपात लिहा: ‘यंदा मोजणीची पद्धत सुधारली असल्याने मागील वर्षाशी तुलना करू नये.’ हे वाक्य दरवर्षी चालतं. फक्त पद्धत दरवर्षी थोडीशी बदलायला हवी, नाहीतर एखादा आगाऊ विद्यार्थी तुलना करून मोकळा होतो.