चार तासांच्या शिक्षणापासून स्वतःचा बचाव

टेक्सास राज्यात विजेच्या कामांची कंत्राटे घेणाऱ्या आणि स्वतःच मास्टर इलेक्ट्रिशियन असणाऱ्या वाचकांनी सर्वप्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती ही की वर्षाकाठी चार तासांचे सक्तीचे शिक्षण हा आपल्यावरील घोर अन्याय आहे. आपण १२,००० तास प्रत्यक्ष काम करून आणि परीक्षा देऊन मास्टर झालो. त्यानंतरही राज्याचा परवाना विभाग दरवर्षी नूतनीकरणाच्या निमित्ताने आपल्याला पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसवतो, याचा अर्थ त्याचा आपल्या बुद्धीवर विश्वास नाही एवढाच घ्यावा. २००४ पूर्वी राज्यभर लागू असा इलेक्ट्रिशियनचा परवानाच नव्हता, ज्याचे त्याचे शहर आपापले पाहून घेत असे आणि तरीही घरोघरी दिवे लागतच होते, हा युक्तिवाद तोंडपाठ करून ठेवावा. व्यावसायिकांच्या मेळाव्यात तो हमखास टाळी घेतो. त्या दिव्यांखाली काय काय जळाले, हे विचारणारा अशा ठिकाणी सहसा येत नाही.

आपल्याजवळ थोडे भांडवल असेल तर याहून सोपा मार्ग आहे. चार तासांची अट व्यक्तीच्या परवान्याला आहे, कंत्राटदार कंपनीच्या परवान्याला नाही. कंपनीने प्रत्येक घटनेमागे किमान ३,००,००० डॉलरचा दायित्व विमा दाखवावा, एक मास्टर नावावर ठेवावा आणि निश्चिंत व्हावे. कॅलिफोर्नियाने तर हे तत्त्व कळसाला नेले आहे. तेथे सी-१० वर्गाच्या, म्हणजे विजेच्या कामांच्या, कंत्राटदाराला परवाना नूतनीकरणासाठी एक तासही शिकावे लागत नाही, मात्र त्याच्याकडे राबणाऱ्या प्रमाणित इलेक्ट्रिशियनला दर तीन वर्षांनी ३२ तासांचे शिक्षण पूर्ण करावे लागते. ज्याच्या नावाने बिल निघते त्याला माफी आणि ज्याच्या हातात पक्कड असते त्याला वर्ग, ही वाटणी ज्याने केली त्याला धंदा कळला होता, असे म्हणावे लागेल.

ज्यांना ही सोय नाही त्यांनी चार तास काढावेतच, पण ते कसे काढायचे याला कौशल्य लागते. परवान्याची मुदत संपेपर्यंत थांबावे. मुदत उलटल्यावर पहिल्या ९० दिवसांत दीडपट शुल्क भरून आणि त्यानंतर १८ महिन्यांपर्यंत दुप्पट शुल्क भरून नूतनीकरण होते, म्हणजे आळसाला राज्याने रीतसर दरपत्रक लावून दिले आहे. (मधल्या काळात काम करता येत नाही, हा तपशील गिऱ्हाइकाला सांगण्यासारखा नाही.) ऑनलाइन अभ्यासक्रम घ्यावा. अशा अभ्यासक्रमांत बहुधा पानावर घड्याळ लावलेले असते आणि ठरलेला वेळ संपल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. तेव्हा फोन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून डुलकी काढावी. त्या घड्याळाला आपण पानावर किती वेळ होता हे कळते, पानावरचे आपल्यात किती उतरले हे कळत नाही.

खरा धोका आहे तो मजकुरावर चुकून नजर पडण्याचा, आणि त्यातही अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेच्या, म्हणजे वायरिंगच्या नियमांच्या, भागावर. ही संहिता दर तीन वर्षांनी सुधारली जाते. २०२३ ची आवृत्ती टेक्सासने त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून लागू केली. त्यातील कलम २३०.८५ मुळीच वाचू नये. एक किंवा दोन कुटुंबांच्या घराबाहेर, सहज हात पोहोचेल अशा जागी, सगळी वीज तोडणारा स्विच असावा, असे ते २०२० पासून सांगत आले आहे, कारण आग विझवायला आलेल्या माणसाने धुरात शिरून पॅनेल शोधत बसू नये. हे एकदा वाचले की स्वस्तातले कोटेशन देताना हात अडखळतो.

तसेच जीएफसीआयचे, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणाऱ्या यंत्राचे. भारतात घरात त्याच कामाचा ईएलसीबी साधारण ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडते; हे यंत्र ५ मिलिअँपिअरच्या आसपासच तोडते. २०२० मध्ये घराबाहेरच्या एसीच्या यंत्रालाही ते सक्तीचे झाले. एसीच्या धातूच्या आवरणात वीज उतरून माणसे दगावली होती. परंतु नव्या इन्व्हर्टर एसीवर जीएफसीआय विनाकारण पडू लागले, ऐन उन्हाळ्यात एसी बंद पडले आणि कंत्राटदारांची तक्रार इतकी रास्त होती की संहितेनेच २०२३ च्या आवृत्तीत एसीपुरती १ सप्टेंबर २०२६ पर्यंत सवलत दिली. ही एक सवलत नीट लक्षात ठेवावी आणि तिची मुदत व मर्यादा दोन्ही विसरून ती स्वयंपाकघर, न्हाणीघर, गॅरेज आणि पोहण्याचा तलाव या सर्वांना सढळ हाताने लागू करावी.

अभ्यासक्रमातला राज्याच्या कायद्याचा भाग झोपेत जातो, त्याबद्दल काही सांगण्याची गरज नाही. उरते सुरक्षा, म्हणजे विजेचे काम करताना जीव कसा वाचवावा हे सांगणारे ७०ई हे मानक. वीज बंद केल्यावर मीटर आधी चालू असलेल्या जागी लावून पाहावा, मग बंद केलेल्या तारांवर आणि पुन्हा चालू जागी, असे ते बजावते, कारण मध्येच मीटर बिघडला असेल तर मेलेली दिसणारी तार जिवंत असू शकते. एवढ्या वेळात दोन सॉकेट बसतात. हाताची पाठ तारेला लावून पाहण्याची वाडवडिलांची पद्धत जलद आहे, आणि तिच्याविरुद्ध तक्रार करायला फारसे कोणी उरत नाही.

काही चतुर मंडळी आपल्या नावाने लॉग-इन करून देऊन हाताखालच्या शिकाऊ पोराला अभ्यासक्रमाला बसवतात. हे टाळावे. त्या पोराचे स्वतःचेही चार तास असतातच, म्हणजे तो मजकूर दोनदा वाचतो आणि दुसऱ्यांदा वाचताना त्याला तो समजतो. मग एके दिवशी गिऱ्हाइकासमोरच तो विचारतो, की मालक, या घराचा बाहेरचा स्विच कुठे आहे. अशा वेळी त्याला गाडीतून शिडी आणायला पाठवावे; गाडीत शिडी नसली तर अधिक उत्तम.