एकटीची साक्षही चालते

शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद झाला आणि शेजाऱ्यानं आमच्या काकूला बैल हाकायच्या तुतारीनं मारलं. दंडावर काळेनिळे वळ उठले. ती ठाण्यात रिपोर्ट द्यायला निघाली, तर पुतण्यानं तिला व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज वाचून दाखवला: ‘दोन साक्षीदार नसतील तर केस टिकत नाही. कोर्टाला शंभर टक्के पुरावा लागतो. आरोपी सुटला की तक्रार खोटी ठरते अन् तक्रारदारच आत जातो.’ काकू घरीच बसली. हा मेसेज गावोगाव फिरतोय.

शेवटचं वाक्य सगळ्यात घातक, म्हणून आधी तेच. १८७२ च्या पुरावा कायद्यानं कलम ३ मध्ये तीन अवस्था वेगळ्या सांगितल्या होत्या: गोष्ट सिद्ध झाली, ती खोटी असल्याचं सिद्ध झालं, किंवा यातलं काहीच सिद्ध झालं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही त्या तिन्ही आहेत. संशयाचा फायदा मिळून आरोपी सुटतो, तेव्हा प्रकरण बहुतेक वेळा तिसऱ्या अवस्थेत असतं. ‘मारहाण झालीच नाही’ असं तिथं कोर्ट म्हणत नसतं. खोट्या आरोपाचा गुन्हा लावायचा तर आरोपाला आधार नाही हे बाईला ठाऊक होतं आणि समोरच्याला गोवायचाच तिचा हेतू होता, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. काकूच्या दंडावरचे वळ घरातल्या सगळ्यांनी पाहिलेत. तिला कसली भीती घालता?

दोन साक्षीदारांचं म्हणाल, तर कोणत्याही गोष्टीच्या सिद्धतेसाठी साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. जुनं कलम १३४, आताचं १३९. १९५७ मध्ये वडिवेलू थेवर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मृताच्या एकट्या पत्नीच्या साक्षीवर खुनाची शिक्षा कायम ठेवली. साक्ष मोजायची नसते, तोलायची असते, हे तिथं स्पष्ट झालं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, पंचनाम्याला दोन पंच बोलावतात; तेच कुणीतरी इथं आणून चिकटवलंय.

शंभर टक्क्यांचंही तसंच. समंजस माणूस ज्यावर भरवसा ठेवून वागेल इतकी शक्यता, ही कायद्यातली कसोटी. फौजदारीत रास्त संशय उरता कामा नये, एवढंच.

एक मात्र मान्य करावं लागतं. एकटा साक्षीदार धड भरवशाचा वाटला नाही तर कोर्ट दुसरा आधार शोधतं, आणि तो नसल्यानं केसेस पडतातही. म्हणून तर वळ ताजे असतानाच रिपोर्ट देऊन ग्रामीण रुग्णालयात तपासणी करून घ्यायला हवी. या मेसेजनं काकूचे तेच दिवस खाल्ले.