खुलासा: ‘पी५३ जीन चांगला असेल तर तंबाखू बाधत नाही’ हा मेसेज चुकीचा आहे

‘तोंडाचा कॅन्सर पी५३ नावाच्या जीनमुळे होतो, हा दोष जन्मजात असतो, रक्ततपासणीत जीन चांगला निघाला तर तंबाखू-सुपारीने काही होत नाही,’ असा मेसेज आमच्या दोन-तीन ग्रुपवर आला आहे. कृपया तो पुढे पाठवू नका.

जीनचं नाव बरोबर आहे, बाकीचं नाही. १७व्या गुणसूत्रावरचा हा जीन बिघडलेल्या पेशींची वाढ थांबवतो. मात्र तोंडाच्या कॅन्सरमध्ये त्यातला दोष बहुतेक वेळा आईवडिलांकडून आलेला नसतो, तो गालाच्या आतल्या पेशींत नंतर तयार होतो. २०१३ साली खारघरचं टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणी शहरातील जनुक-संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी गाल-हिरडीच्या कॅन्सरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एकाच रुग्णाच्या गाठीतला आणि रक्तातला डीएनए शेजारी ठेवून तपासला. पी५३ आणि नॉच१, फॅट१ या इतर जीनमधले हे बिघाड गाठीत होते, रक्तात नव्हते. मग रक्त ‘चांगलं’ निघालं म्हणून गालाला अभय कसं मिळेल?

जन्मजात दोष असतो, पण फार क्वचित, आणि त्यात प्रामुख्याने दुसरेच कॅन्सर होतात.

मला खरी काळजी आहे ती हा मेसेज वाचून निर्धास्त झालेल्यांची. तंबाखूची गोळी रोज जिथे धरता तिथे पांढरा किंवा लाल चट्टा दिसतोय का, तोंड तीन बोटं मावण्याइतकं उघडतं का, ते आरशात बघा. सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सरकारक आहे. दोन आठवड्यांत न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवा. ज्यांना तो मेसेज पाठवलात, त्यांना हा खुलासाही पाठवा.