ट्रनियनला ऑइलच का? सतीशकाकांच्या कमेंटला उत्तर

नमस्कार सतीशकाका,

एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की माझ्या ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या स्टीअरिंगवर मी उगाच पाल्हाळ लावलं, प्ले (म्हणजे ढिलेपणा) आला तर सरळ रॅक (स्टीअरिंग फिरवलं की आडवा सरकून चाकं वळवणारा दांडा) बदलायचा, नवे बनवलेले पार्ट टाकून मी गाडीची ओरिजिनॅलिटी घालवतोय, आणि ट्रनियनमध्ये (पुढच्या चाकाला आधार देणारा, आटे असलेला सांधा) ऑइल घालणं हे पुस्तकी खूळ आहे, कारण पुण्यात तुमच्या स्टँडर्ड हेराल्ड गाडीला मिस्त्रीने कायम ग्रीसच मारलं आणि कधी काही झालं नाही.

हेराल्डचं नाव काढलंत ते बरं केलंत. मद्रासला बनलेली तुमची हेराल्ड आणि कॉव्हेंट्रीची माझी स्पिटफायर पुढच्या चाकांच्या बाबतीत सख्ख्या बहिणी आहेत. ट्रायम्फने 1959 ला हेराल्ड काढली आणि 1962 च्या स्पिटफायरला पुढचं सस्पेन्शन नि स्टीअरिंग तिच्याचवरून घेतलं, त्यामुळे खोड एकीला ती दुसरीलाही.

आता ती खोड. चाक ज्या उभ्या लोखंडी लिंकवर बसतं तिच्या खालच्या टोकाला आटे आहेत आणि त्यावर ब्राँझचा ट्रनियन स्क्रूसारखा चढवलेला असतो. आपण स्टीअरिंग वळवतो तेव्हा लिंक या आट्यांवरच फिरते, गाडीचा भारही तिथूनच जातो. ग्रीस घट्ट, ते आट्यांच्या फटीतून खालपर्यंत पोचतच नाही, वरच्या वर बसतं आणि वाळून कडक होतं. मग वरचं रबर सील गेलं की पाणी आत उतरतं, तळाशी साचतं, आट्यांच्या खाचेत गंज धरतो, तिथून बारीक चीर पडते आणि एक दिवस लिंक तुटून चाक आडवं होतं, बहुतेकदा पार्किंगमध्ये स्टीअरिंग फुल वळवलेलं असताना. म्हणून तिथे नव्वद नंबरचं गियर ऑइल, ग्रीस गनमध्येच भरून, वरून ताजं तेल बाहेर येईपर्यंत. गोंधळ होतो कारण त्याच गाडीत रॅकला मात्र ग्रीसच लागतं, आणि मिस्त्री एकदा गन हातात घेतली की दिसेल त्या निपलला (ग्रीस भरायच्या तोटीला) लावत सुटतो! तुमच्या गाडीला काही झालं नाही याचा मला आनंदच आहे, पण लिंक बाहेर काढून आटे कधी बघितलेत का?

रॅकचं म्हणाल तर तो माझ्या यादीत शेवटी येतो. आधी चाक जॅकवर उचला, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा, आणि कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर चाकाचं बेअरिंग, नाही थांबलं तर ट्रनियन किंवा लिंकच्या वरच्या टोकाचा गोळीचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट. मग नऊ आणि तीनला धरून हलवा, तिथे टाय रॉड एंड (रॅक चाकाला जोडणारा सांधा) सापडतो. स्पिटफायरचं बॉनेटसकट अख्खं नाक पुढे उलटतं, त्यामुळे टायरवर बसून हे सगळं बघता येतं, असं सुख फार थोड्या गाड्यांत मिळतं. त्यानंतर रॅक ज्या रबरांवर बसवलाय ती बघा. इंजिनाचं तेल गळून ती फुगलेली, मऊ पडलेली असतात आणि रॅकच डावी-उजवीकडे सरकतो, लोक मात्र हजारो रुपये घालून रॅक बदलतात. त्या रबरांच्या जागी घट्ट अॅल्युमिनियमचे ठोकळे मिळतात, रेसिंगला ठीक, मला रस्त्यावर आवडत नाहीत, प्रत्येक खड्डा तळहातात येतो. आणि रॅक खरंच झिजला असेल तर मधोमध झिजतो, कारण गाडी जास्त वेळ सरळच चालते. शिम (सांध्यातली पातळ चकती) काढून मधला प्ले मारलात की कडेला तो आवळतो, मग स्टीअरिंग वळल्यावर आपणहून परत यायला कुरकुरतं.

ओरिजिनॅलिटीवर माझं मत ठाम आहे. डॅशबोर्ड, बॅज, सीट यात मी तुमच्याच बाजूचा. पण बंद खोक्यातला सत्तरच्या दशकातला 'ओरिजिनल' रबर बूट (सांध्यावरचं रबरी आवरण) घेऊन काय करायचं, रबर खोक्यातसुद्धा म्हातारं होतं, बसवल्या बसवल्या चिरतं. इथे इंग्लंडात 2018 पासून चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना एमओटी टेस्टची (गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे का याच्या वार्षिक तपासणीची) सक्ती राहिलेली नाही, म्हणजे खाली वाकून बघणारा माणूसही गेला. नवे पार्ट सगळे चांगले असतात असं मी कुठेच म्हटलेलं नाही, काही अगदीच भिकार असतात, आटे नीट बसत नाहीत, ते परतच करायचे.

मिस्त्रींना दोन गोष्टी जरूर सांगा. डावा आणि उजवा ट्रनियन वेगळे असतात, आटे उलट्या दिशेचे, अदलाबदल चालत नाही. आणि पूर्ण आवळून मग साधारण एक फेरा मागे घ्यायचा, नाहीतर फुल वळणावर तो तळाला टेकतो.

राहिला हॉर्न. स्टीअरिंगचं कपलिंग (दांडा जोडणारा रबरी सांधा) बदलल्यापासून वाजत नाही म्हणालात ना? मधल्या रबरामुळे हॉर्नचं अर्थिंग तुटतं, म्हणून कपलिंगवरून एक छोटी अर्थिंगची पट्टी जाते, ती बहुतेक जुन्या कपलिंगबरोबर भंगारात गेली असणार. वायरचा तुकडा लावून बघा, वाजेल.