हा नुसता नशिबाचा खेळ नव्हता

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या एनसीएए स्पर्धेत सोळावं मानांकन असलेल्या यूएमबीसी या विद्यापीठाच्या संघाने १६ मार्च २०१८ ला पहिलं मानांकन असलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाला ७४-५४ हरवलं, त्याला एका लेखात ‘नशिबाची रात्र’ म्हटलंय. हे अजिबात पटलं नाही. २० गुणांचं अंतर नशिबाने पडत नाही हो!

व्हर्जिनियाचा पॅक-लाइन डिफेन्स आठवा. चेंडूवाल्याला एक जण भिडतो, बाकी चौघे बास्केटपासून साधारण १६ फुटांच्या आत गोळा होतात. आत घुसायला फट नाही, पण बाहेर कोपऱ्यात माणूस मोकळा राहतो. आतून चेंडू झटकन बाहेर आला की बचाव करणाऱ्याला दोन-तीन ढांगा धावत यावं लागतं, आणि तेवढ्यात फटका सुटलेला असतो. यूएमबीसीने २४ पैकी १२ थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे फटके) टाकले. व्हर्जिनियाने २२ पैकी ४.

मध्यंतराला २१-२१ होतं. उत्तरार्ध सुरू होताच यूएमबीसीच्या शेरबर्नने फाउल झेलत बास्केट केली, वर फ्री थ्रो, आणि लगेच एक थ्री. तिथून व्हर्जिनिया अडकली. मुद्दाम संथ खेळणाऱ्या संघाला पझेशन (चेंडू ताब्यात घेऊन हल्ला करायच्या संधी) कमी मिळतात, मग १२-१५ गुणांची पिछाडी भरायची कशी? घाईत लांबून मारायचं, चुकायचं, की समोरचे पळत सुटलेच. यूएमबीसीच्या लाइल्सने २८ गुण केले, बहुतेक उत्तरार्धात.

मनगट मोडल्यामुळे व्हर्जिनियाचा डिआंद्रे हंटर नव्हता, हे मान्य. पण पुरुषांच्या स्पर्धेत तोवर पहिल्या मानांकिताने सोळाव्याविरुद्धचे १३५ च्या १३५ सामने जिंकले होते. यूएमबीसीच्या या पोरांचं श्रेय त्यांना पूर्ण द्या.