पळा, पण पायवाट सोडू नका

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात ट्रेल रनिंग, म्हणजे डोंगर-जंगलातल्या पायवाटांवरून पळणं, वाढलं तर गावांना रोजगार मिळेल, हे तुम्ही छापलेल्या लेखातलं म्हणणं पटलं. पण कुठल्या दिवसांत पळावं याबद्दल त्यात एक ओळही नाही, हे खटकलं.

मी याच अभयारण्यातल्या रतनवाडी-साम्रद भागात पळते. मे अखेरीपासून पाऊस धरेपर्यंत तिथे हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे असतात. त्यांचे नर-मादी एकमेकांना उजेडावरूनच शोधतात. अशा वेळी भल्या पहाटे झगझगीत हेडलॅम्प लावून शे-दोनशे माणसं धावत सुटली, तर त्या जिवांनी काय करायचं? त्या दिवसांत अंधारातली शर्यत नकोच.

दुसरं पावसाळ्याचं. चिखल टाळायला पुढचा कडेच्या गवतावरून जातो, मागचा त्याच्याही बाहेरून. बघता बघता हातभर पायवाटेची गाडीवाट होते, कडेच्या कारवीच्या झुडपांची रोपं तुडवली जातात आणि उघडी पडलेली माती ओढ्याला जाते. कारवी साधारण ७ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. त्याआधीच ती चिरडली तर पुढची पिढी कुठून येणार? म्हणून कळकळीने सांगते, चिखलातूनच पळा. बूट धुता येतात.

आणि शर्यतींच्या आयोजकांनो, पळणाऱ्यांना वाट दाखवायला वाटेवर गावातलीच पोरं घ्या, योग्य मजुरी देऊन. कुठला कातळ शेवाळाने निसरडा झालाय, कुठल्या ओढ्याला पाणी चढलंय, हे त्यांना त्या दिवशीचं माहीत असतं.